अब्बांचा रेडिओ आणि कार्ल्सबादचा पाहुणा

धावड्याच्या आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याचा भरवसा नव्हता. सकाळ झाली हे कळायचं ते दोन आवाजांवरून. पहिला आवाज मशिदीतल्या फजरच्या अजानचा. दुसरा अब्बांच्या रेडिओचा. नमाज पढून आले की ते कानाला रुमाल बांधून ओट्यावर बसायचे आणि रेडिओचा कान पिळायचे. आधी नुसती खरखर. मग तंबोरा, आणि त्यावर व्हायोलिनची ती धून. पुन्हा पुन्हा तीच. त्यानंतर वंदे मातरम्, मग बातम्या, बाजारभाव. तोवर अम्मीचा चहा व्हायचा आणि अब्बा कपाशीकडे निघायचे.

दादीला घरात गाणं-बजावणं चालत नसे. सिनेमाचं गाणं लागलं की ती आतून ओरडायची, ‘बंद करो वो!’ ही धून मात्र तिनं कधीच बंद करायला लावली नाही. मी एकदा तिला पकडलं, ‘दादी, ये भी तो बाजाच है ना?’ ती म्हणाली, ‘ये गाना नै है बेटा, ये तो सुबू है.’

ही ‘सुबू’ कुणी बनवली, हा प्रश्न मला चाळीस वर्षं पडला नाही. सूर्य कुणी बनवला हे तरी आपण विचारतो.

दोनेक वर्षांपूर्वी एका लेखात नाव सापडलं : वॉल्टर कॉफमन. आकाशवाणीच्या या धूनचं श्रेय सर्वसाधारणपणे त्यांनाच दिलं जातं. काळ १९३६च्या सुमाराचा. शिवरंजनी रागाच्या सुरांवर ती बांधलेली आहे. ‘मेरा नाम जोकर’मधलं मुकेशचं ते प्रसिद्ध गाणं आठवा, तोच राग. व्हायोलिन मेहली मेहतांचं, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांचं, असं सांगतात.

कॉफमन १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबादला जन्मले. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याला कार्लोवी वारी म्हणतात. तेव्हा तिथं ऑस्ट्रिया-हंगेरीचं राज्य होतं. घरची भाषा जर्मन, धर्म ज्यू, पासपोर्ट पुढे चेकोस्लोव्हाकियाचा. अशा माणसाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचारलं, तर तो काय उत्तर देणार? जर्मनांच्या लेखी तो ज्यू, चेकांच्या लेखी जर्मन आणि मुंबईत आल्यावर ‘युरोपियन’.

बर्लिन आणि प्राग इथं ते संगीत शिकले. प्रागच्या जर्मन विद्यापीठात पीएच.डी.चं काम पूर्ण झालं होतं. तेवढ्यात कळलं की आपले मार्गदर्शक गुस्टाव बेकिंग नाझींच्या युवक संघटनेचे पुढारी आहेत. कॉफमन यांनी ती पदवी घेतलीच नाही. आपल्याकडे पीएच.डी.साठी लोक गाईडच्या घरचा भाजीपालासुद्धा आणून देतात, म्हणून या गोष्टीपाशी मी जरा थांबलो.

१९३४ साली ते मुंबईत उतरले. हिंदुस्थानच का? तर व्हिसा सहज मिळत होता. निर्वासिताच्या आयुष्यात मोठे निर्णय अशा साध्या कारणांनी होतात. त्यांची पत्नी गर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची. मागं राहिलेल्या काफ्कांच्या तिन्ही बहिणी पुढं नाझींच्या हातून मारल्या गेल्या. गर्टीची आई त्यांतलीच एक.

मुंबईत त्यांनी पहिल्यांदा हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्या ऐकल्या, तेव्हा त्यांना काहीच कळलं नाही. सगळं परकं, अनाकलनीय वाटलं. आपण असतो तर म्हटलं असतं, काय हे रडगाणं! कॉफमन यांनी वेगळा विचार केला. हे संगीत काळीज आणि बुद्धी असलेल्या माणसांनीच केलं आहे, लाखो लोक त्यावर जीव टाकतात. मला ते भिडत नसेल, तर दोष माझ्याकडे आहे.

मग ते शिकायला बसले. आले होते पाहुणे म्हणून, राहिले बारा वर्षं. मुंबईत त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, दर आठवड्याला मैफली केल्या. पियानोवर स्वतः आणि व्हायोलिनवर मेहली मेहता. १९३७ ते १९४६ या काळात आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ते पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. ‘अनसूया’ नावाचा ऑपेरा त्यांनी रेडिओसाठी लिहिला. सिनेमांना संगीत दिलं. गोंड आणि बैगा आदिवासींच्या गाण्यांवर संशोधन करून लिहिलं. पुढं कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे ते संचालक झाले, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. तिथं बसून त्यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, तो १९६८ साली आला. दक्षिणेच्या रागांवरचा १९७६ साली. १९८४ मध्ये ते गेले. त्यांच्या स्वतःच्या रचना मात्र विसरल्या गेल्या. २०२० साली कॅनडाच्या एआरसी अँसाम्बलनं त्यांची ध्वनिमुद्रिका काढली, ती मी मोबाइलवर ऐकली. व्हायोलिन एकदम एका सुरावर रेंगाळतं आणि वाटतं, अरे, हे तर आपल्याकडचं.

‘तुमची मराठी किती छान आहे हो!’ हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा ऐकलंय. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण प्रत्येक वेळी कळतं की समोरच्यानं मला बोलण्याआधीच परका धरलं होतं. माझी तक्रार खरी आहे. पण कॉफमन वाचल्यावर मला आठवली ती माझीच एक गोष्ट.

कॉलेजात असताना मी सुट्टीला घरी आलो होतो. गावात हरिनाम सप्ताह चालू होता. रात्री कीर्तनाचा आवाज थेट अंगणात येत होता. मी वैतागून म्हणालो, ‘अब्बा, ह्या टाळ-मृदंगानं डोकं उठलंय.’ अब्बांनी चपला घातल्या आणि म्हणाले, ‘चल.’ मंडपाच्या कडेला पोत्यावर आम्ही तासभर बसलो. महाराज अभंग सोडवून सांगत होते. मला अर्धं कळलं, अर्धं नाही. परतताना अब्बा एवढंच बोलले, ‘आवाज दूर से सुनेगा तो शोरच लगेगा. पास जाके बैठना पडता है.’

अब्बांनी कॉफमनचं नाव कधी ऐकलं नव्हतं. चौथीपर्यंतच शिकले होते. पण दोघं एकच गोष्ट सांगत होते.

आता धावड्यात रेडिओ कुणी लावत नाही. मागच्या ईदला गेलो तेव्हा मोबाइलवर ती धून शोधून अब्बांच्या कानाशी धरली. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. थोडा वेळ डोळे मिटून राहिले, मग विचारलं, ‘बाजारभाव कब लगेंगे?’

मी त्यांना कॉफमनची सगळी हकीकत सांगितली. घरदार सोडून आलेला ज्यू माणूस, आपली भाषा नाही, आपला मुलूख नाही, आणि त्यानं आपली सकाळ बनवली. अब्बा ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘अल्लाह उसको जन्नत दे. पास आके बैठा ना वो.’