कवळीचा हप्ता

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगाराची वाटणी व्हायची. वाणी, दूधवाला, घरभाडे, शाळेची फी, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, गावी पाठवायची मनीऑर्डर. साठ-सत्तरच्या दशकांत जन्मलेल्या आम्हा नोकरदार घरांतल्या मुलांनी ही वाटणी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पाहिलेली आहे. त्यात दातांसाठी बाजूला काढलेला रुपया कोणी पाहिला असेल असे वाटत नाही. ताप आला तर फॅमिली डॉक्टर, हाड मोडले तर सरकारी दवाखाना आणि दात दुखला तर लवंग, अशी सरळ व्यवस्था होती.

लवंगेने भागले नाही की लवंगेच्या तेलाचा बोळा, मग मिठाच्या गुळण्या, तुरटी, पेरूची पाने. आजीच्या मते सगळा दोष पेस्टचा होता. ती स्वतः शेवटपर्यंत राखुंडीवर राहिली आणि शेजारच्या आजी मिश्रीवर. मिश्रीने दात मजबूत होतात असे त्या सांगत तेव्हा त्यांच्या तोंडात किती दात उरलेत हे विचारायची कोणाची हिंमत नसे. दोन रात्री जागून झाल्या, गाल सुजला, कानापर्यंत ठणका गेला की वडीलधारे माणूस रजा टाकून दाताच्या डॉक्टरकडे जायचे आणि खुर्चीत बसतानाच सांगायचे, “काढूनच टाका.”

या ‘काढूनच टाका’मागे भीती कमी आणि हिशेब जास्त होता. चांदी भरायची तर दोन-तीन खेपा, शिवाय ती टिकेल याची खात्री नाही. रूट कॅनाल हा शब्द ऐंशीच्या दशकात कानावर येऊ लागला, पण त्यावर पुन्हा कॅपचा खर्च. काढायला एकदाच पैसे आणि एकच रजा. शेजारचे दात नंतर त्या फटीकडे कलतात, समोरचा दात खाली उतरतो, चावण्याचा सगळा ताळेबंद बिघडतो, हे कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी ऐकले नसते. वरचा दात काढला की दृष्टी जाते असाही एक समज होता. त्यामुळे वरचे दात दुखत राहायचे आणि खालचे जायचे. आम्हा मुलांचे किडलेले दुधाचे दात काढले की मात्र आइस्क्रीम मिळायचे, तेही डॉक्टरांनीच सांगितले म्हणून. एरवी दात किडण्याबद्दल शिव्या बसत त्या चॉकलेटलाच.

असे एकेक करून बरेच दात गेले की कवळीचा विषय निघायचा. आजोबांची कवळी ही टीव्हीसारखी अख्ख्या घराने मिळून केलेली खरेदी असे. आधी उरलेसुरले सगळे दात काढायचे, मग हिरड्या भरून यायला काही महिने थांबायचे. त्या महिन्यांत आजोबा दुधात कुस्करलेली भाकरी आणि मऊ भात खायचे, पान छोट्या खलबत्त्यात कुटून घ्यायचे, आणि इकडे पैशांची जुळवाजुळव चालायची. हिरड्या भरून येईपर्यंत भिशीचा नंबर लागावा असे आईचे गणित असे. नाही लागला तर ऑफिसची पतपेढी होती, पीएफमधून उचल होती, एलआयसीच्या पॉलिसीवर कर्ज होते. दिवाळीचा बोनस आणि महागाई भत्त्याचा फरक यांवर तर घरातल्या पाच माणसांनी आधीच नाव टाकलेले असायचे. चौथ्या वेतन आयोगाच्या फरकात किती मराठी घरांत मिक्सर, स्कूटर आणि कवळी आली याचा हिशेब कोणी ठेवला नाही, ठेवायला हवा होता. पतपेढीच्या अर्जावर कारण मात्र ‘घरदुरुस्ती’ लिहायचे. दातांसाठी कर्ज काढले हे कारकुनाला कळू नये, एवढीच इच्छा.

बाकी रक्कम डॉक्टरच हप्त्याने घ्यायचे. बहुतेक डॉक्टर त्याच पेठेतले नाहीतर त्याच वाडीतले, वडिलांच्या ओळखीचे. टेबलाच्या खणात एक वही, त्यात नाव आणि पुढे टिकमार्क. व्याज नाही, कागद नाही, फक्त पहिल्या तारखेनंतर त्यांच्या दवाखान्यावरून जाताना मान खाली घालायची नाही एवढा करार. मे महिन्यात गावाहून आंब्याची पेटी आली तर त्यांतले दोन डझन तिकडे जायचे, ते हप्त्यात धरलेले नसत.

आजोबांच्या वडिलांच्या काळी कवळीचा पाया तांबूस रबराचा, व्हल्कनाइटचा असे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास गुलाबी ॲक्रिलिक आले आणि आम्ही पाहिल्या त्या सगळ्या कवळ्या त्याच्याच. माप, मेणात दात बसवून पाहणे, पुन्हा माप, आणि शेवटी ती यायची. पहिले आठ दिवस आजोबांचे ‘स’ आणि ‘श’ बिघडलेले असायचे. रात्री ती स्टीलच्या वाटीत पाण्यात. पाहुण्यांच्या मुलांना ती वाटी नेऊन दाखवणे हा आमचा मुख्य उद्योग होता.

दात नसले की जबड्याचे हाड झिजत जाते आणि काही वर्षांत कवळी सैल होते. ती नव्याने करायची असते, हे डॉक्टर सांगत. पण एकदा झालेला खर्च पुन्हा करायचा? मग ती फक्त लग्नाकार्याला आणि फोटोपुरती लावली जायची. पंगतीत जिलेबी येण्याआधी रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात जायची. मोरीत पडून तिचे दोन तुकडे झाले की घरातला हुशार मुलगा झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी आणायचा. या गोंदाने जोडलेल्या कवळीने हिरडीला जखमा होतात. तशीच ती वर्षानुवर्षे वापरलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

इथपर्यंत मी आजोबांबद्दलच बोलतो आहे हे लक्षात आले असेल. त्याला कारण आहे. आजीला कवळी क्वचितच मिळाली आणि आईचा नंबर तर लागलाच नाही. आजोबांना चार लोकांत जायचे असते, वडिलांना ऑफिसात साहेबांसमोर बोलायचे असते, मुलीचे दात पुढे असतील तर तिचे लग्न जमायचे असते. आईला कुठे जायचे होते? बाळंतपणात दात खिळखिळे होतात हे धरूनच चालत. भिशी तिची, नंबर तिचा, आणि पैसे सासऱ्यांच्या कवळीला किंवा नणंदेच्या तारेला. ती आधी ऊस सोडायची, मग कणीस, मग शेंगदाण्याऐवजी कूट, मग चकली. “मला नाहीच आवडत फारशी,” असे ती म्हणायची आणि आम्ही ते खरे धरून तिच्या वाटणीची चकली खायचो. माझ्या वयाच्या कोणालाही विचारा, आई शेवटची दाताच्या डॉक्टरकडे कधी गेली हे त्याला सांगता येणार नाही.

विमा म्हणजे तेव्हा एलआयसी, आणि एलआयसी म्हणजे माणूस गेल्यावरचे पैसे. चार सरकारी कंपन्यांनी 1986 साली मेडिक्लेम आणला, तोही आमच्या घरांत पोचायला बरीच वर्षे गेली. पोचला तेव्हा त्याच्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत दात होतेच. अपघातात जबडा फुटून रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर गोष्ट वेगळी. एरवी चोवीस तास खाटेवर झोपल्याशिवाय आजार मोजायचाच नाही अशी त्याची रीत, आणि दाताचा रुग्ण तर तासाभरात उठून रिक्षाने घरी जातो. आता काही पॉलिसींत बाह्यरुग्ण खर्चात दात घेतात, पण मर्यादा अशी की एका कॅपला पुरावी. माझे मत विचाराल तर हा निव्वळ अन्याय आहे. ज्याने माणूस खातो तो अवयव विम्याने दागिन्यात धरला आहे.

आता वडिलांच्या वयाचे आम्ही झालो आणि इम्प्लांटचे अंदाजपत्रक हातात धरून बसतो. टायटॅनियमचा एक स्क्रू, त्यावर दात, पुण्या-मुंबईत एकाचे वीस-पंचवीस हजारांपासून पुढे कितीही. वहीच्या जागी शून्य व्याजाचा ईएमआय आला आहे, त्याला पॅन कार्ड लागते. अमेरिकेतला भाऊ डिसेंबरात आला की पहिल्या आठवड्यात नातेवाइकांकडे आणि दुसऱ्या आठवड्यात रूट कॅनालला जातो. तिकडे दातांचा विमा निराळा घ्यावा लागतो आणि तोही बहुधा वर्षाला हजार-दोन हजार डॉलरवर थांबतो. म्हणजे तिथेही दात बाहेरच.

मोठे काम निघाले आणि पैसे नसले तर एक वाट आमच्या वडिलांनाही होती, पण ‘शिकाऊ पोरांच्या हाती तोंड द्यायचे?’ म्हणून त्यांनी ती टाळली. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय 1933 पासून आहे, सरकारी दंत महाविद्यालय 1945 पासून, नागपूरचे 1968 पासून. त्यानंतर राज्यात खासगी महाविद्यालयेही पुष्कळ निघाली. तिथे विद्यार्थी काम करतात, शिक्षक प्रत्येक टप्पा तपासून मगच पुढे जाऊ देतात. म्हणून खेपा जास्त होतात आणि पैसे बाहेरच्यापेक्षा बरेच कमी लागतात. निवृत्त माणसाला खेपांचे काय?

तेव्हा घरी आई असेल तर ती कोणत्या बाजूने चावते ते एकदा बघा. दुखत नाही म्हणाली तरी घेऊन जा, आणि या खेपेला भिशीचा नंबर तिच्या नावावर खर्च करा.