पंखा कुणाच्या जिवावर?

माणसाने जुनी मोटार बाळगू नये; आणि बाळगलीच तर तिच्यात सुधारणा करू नये, असे माझे मत अलीकडे झाले आहे. हे मत बनायला मला दोन विजेचे पंखे, एक बॅटरी आणि अहमदपूरजवळची एक रात्र एवढा खर्च आला.

आमच्याकडे वडिलांच्या वेळची अँबॅसडर आहे. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून या गाड्या निघायच्या बंद झाल्या त्याला, म्हणजे २०१४ सालाला, आता बरीच वर्षे लोटली. पण वडील गेले आणि गाडी राहिली. "ही गाडी नव्हे, मामंजींचे श्राद्ध आहे. लोक वर्षातून एकदा घालतात, तुम्ही दरमहा घालता," असे आमची सौ. म्हणते. ते अगदीच खोटे नाही.

गाडीचे दुखणे एकच. ती तापे. मी नोकरीनिमित्त लातूरला, आई नांदेडला. मध्ये चाकूर, अहमदपूर, लोहा अशी सुमारे १४० किलोमीटरची वाट. नांदेड गोदाकाठी सखलात, लातूर बालाघाटाच्या पठारावर. म्हणजे आईकडे जाताना उतार आणि तिला घेऊन येताना चढ! त्यात मे महिना. मराठवाड्यातला मे माणसालाच सोसवत नाही, तिथे म्हाताऱ्या इंजिनाचे काय?

या गाडीचा मूळचा पंखा पट्ट्याने इंजिनाला बांधलेला असतो. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखा मंद. गाडी भरधाव असते तेव्हा समोरचा वारा आपण होऊन रेडिएटरमध्ये शिरतो, पंख्याची फारशी गरज नसते; तेव्हा हा गरगर फिरतो. गाडी गर्दीत अडकली, वारा थांबला, आता याने काही करावे, तर हा पेंगतो. विजेच्या पंख्याचे तसे नाही. गाडी उभी असली तरी तो तेवढ्याच जोमाने फिरतो. हा युक्तिवाद दुकानदाराने मला ऐकवला आणि मी, तर्कशास्त्र थोडेफार वाचलेला माणूस, चटकन विरघळलो. "सर, एक नको, दोन बसवा. इंजिनाचा बर्फ होईल," तो म्हणाला. मूळचा पंखा निघाला, दोन नवे बसले, माझ्या गुडघ्याशी एक बटण आले.

नांदेडला गेलो तो राजासारखा. बटण दाबले की पुढे घोंघों सुरू होई आणि मला उगाच आपण विमान चालवतो आहोत असे वाटे. वाटेत एकदाही वाफ दिसली नाही. लोह्याला चहा पिताना मी शेजारच्या अनोळखी गृहस्थाला बोलावून पंखे दाखवले.

परतीला, ऊन टाळावे म्हणून, आईला घेऊन दिवस मावळताना निघालो. पंखे चालू, थोड्या वेळाने दिवेही चालू. अहमदपूरच्या अलीकडे वरात आडवी आली. लग्नसराईचे दिवस, बँड, नाच, रस्ता भरलेला. अर्धा तास झाला तरी गाडी जागची हलेना. पण मी निश्चिंत होतो. अशाच प्रसंगासाठी तर पंखे घेतले होते! समोरचा तांबडा दिवा पेटला होता खरा. पण गाडी उभी राहिली की तो पेटतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. मग समोरचा उजेड पिवळा झाला, पिवळ्याचा नारिंगी झाला, पंख्यांचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येऊ लागला आणि इंजिनाने एक आचका देऊन मान टाकली.

अंधारात आई म्हणाली, "अरे, दिवे गेले की काय?"

"गेले," मी म्हणालो.

"बरं झालं बाई," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, माझेच डोळे."

मी मागे वळून पाहिले. "म्हणजे?"

"काही नाही रे. हल्ली रात्री जरा धूसर दिसतं. होईल वर्ष. तुम्हाला कशाला उगाच घोर?"

एका ट्रकवाल्याने येऊन बघितले आणि मला पंखे, दिवे, सारे बंद करायला लावले. थोडा वेळ बॅटरीला विसावा दिला, मग वरातीतल्या पोरांनी धक्का मारला आणि इंजिन सुरू झाले. त्याच ट्रकच्या मागोमाग, त्याच्या उजेडात, आम्ही कसेबसे अहमदपूर गाठले आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी मुक्काम केला.

लातूरला मिस्त्रीचाचांनी बॉनेट उघडले आणि एकच वाक्य उच्चारले : "सर, खर्चा बढाया, कमाई नै बढाई."

मग त्यांनी फरशीवर खडूने हिशेब मांडला. एक पंखा १२० वॅटचा. गाडीची वीज १२ व्होल्टची. भागाकार केला की एका पंख्याला १० अँपियर, दोघांना २०. पुढचे दोन दिवे १०. इंजिनाच्या ठिणगीला तीन-चार. झाले चौतीस. आणि आमच्या जुन्या डायनामोची मजल, गाडी चांगली पळत असताना, वीस-बावीस. वरचे बारा अँपियर कोण देणार? बॅटरी. ती मुकाट्याने देत होती. आणि गाडी उभी राहिली की डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. तांबडा दिवा पेटतो तो हेच सांगायला. म्हणजे जेव्हा पंख्याची खरी गरज, नेमका तेव्हाच घरचा कर्ता बेकार! वरातीच्या त्या अर्ध्या तासात चौतीसच्या चौतीस अँपियर बिचाऱ्या बॅटरीच्या जिवावर चालले होते. शिवाय मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. त्यासाठी जाड तार, रिले आणि फ्यूज हवा. आमची तार बारीक, तिचे आवरण मेणासारखे मऊ झालेले.

याहून मोठी गोष्ट पुढेच होती. रेडिएटर खोलला तर आतल्या नळ्या क्षाराने भरलेल्या. वर्षानुवर्षे मी त्यात बोअरचे जड पाणी ओतत आलो होतो. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तिथे मोटारीसाठी शुद्ध पाणी मागायला तोंड कुठून आणायचे? पण दुखणे पाण्यात होते आणि मी औषध वाऱ्यात शोधत होतो, हे खरे.

चाचांनी रेडिएटर साफ केला. एक पंखा काढून टाकला. दुसऱ्याला असा स्विच जोडला की पाणी तापले तरच तो फिरावा. डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवला. तो गाडी उभी असतानाही थोडीफार वीज देतो. खर्चाचा आकडा सौ.पासून लपवला आहे.

पण तो खडूचा हिशेब काही केल्या डोळ्यांपुढून जाईना. मध्यमवर्गीय घरात आपण असेच एकेक बटण वाढवत जातो. आज हे, उद्या ते. सगळे चालू राहते, म्हणून सगळे परवडते आहे असे वाटते. वरचे बारा अँपियर कोण देते, हे कुणी विचारत नाही. सुट्टीत मुलांना आईकडे पाठवायचे, तिने लोणची-पापड धाडायचे, नांदेडचे घर एकटीने सांभाळायचे, आणि फोनवर "मी बरी आहे" म्हणायचे. दिवे लख्ख होते, म्हणून मी निश्चिंत होतो. वर्षभर तिला धूसर दिसत होते आणि ते मला कळायला मोटारीचे दिवे जावे लागले.

लातूरलाच तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. आता तिला स्वच्छ दिसते; इतके स्वच्छ की आमच्या स्वयंपाकघरातली जळमटे तिने सौ.ला दाखवली. हट्टाने ती पुन्हा नांदेडला गेली.

दर रविवारी तिचा फोन येतो. पाणी, भाजी, शेजारपाजार, सगळे सांगून झाल्यावर ती शेवटी विचारते, "बाकी काही नाही. कधी येतोस?"

हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो होतो. गाडी उभी राहिली की तांबडा दिवा पेटायचाच, तसे. आता मी पंचांग बघत नाही, पेपर तपासायचे आहेत म्हणत नाही. "शनिवारी निघतो," म्हणतो, आणि निघतो.