साक्ष दिली, तरी गोळी चुकवू नये



आज आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. आमच्या धर्मग्रामातल्या एका काकूंना रक्ताचा कर्करोग झाला. डॉक्टर त्याला सीएमएल म्हणतात. रोज जेवणानंतर इमॅटिनिबची गोळी सुरू झाली आणि दोन वर्षांनी रिपोर्ट स्वच्छ आला. आम्ही प्रार्थनागटाने उपकारस्तुतीचे मिस्साबलिदान अर्पण केले, आणि वर काकूंना म्हणालो, "प्रभूने बरं केलंय, आता गोळी कशाला?" काकूंनी आमचे ऐकले. चार महिन्यांनी आजार रक्तात पुन्हा दिसू लागला.

डॉक्टरांनी आम्हालाही बसवून समजावले. या आजाराचे मूळ अस्थिमज्जेतल्या मूळपेशींत असते. औषधाने बाकीच्या रोगट पेशी मरतात, पण थोड्या मूळपेशी न वाढता निपचित पडून राहतात. औषध त्यांना सहसा मारू शकत नाही, आणि त्या इतक्या थोड्या असतात की तपासणीतही सापडत नाहीत. औषध थांबले की त्यांतल्या काही जाग्या होतात. अनेक वर्षे उत्तम रिपोर्ट असलेल्या काहींची गोळी डॉक्टर स्वतः थांबवतात, तेही वरचेवर तपासणी करून. तरी जवळजवळ निम्म्यांचा आजार परततो, बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत. गोळी वेळेवर पुन्हा सुरू केली, तर तो सहसा आटोक्यात येतो.

घरी येऊन आम्ही लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय उघडला. याजक डाग पाहतो, सात दिवस थांबवतो, पुन्हा पाहतो, आणखी सात दिवस थांबवतो. प्रभू येशूनेही दहा कुष्ठरोग्यांना याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले. त्यांतला एक आभार मानायला परत आला. आम्ही आभार तेवढे लक्षात ठेवले, दाखवायला जाणे विसरलो.

त्या झोपलेल्या पेशींना कोणी पापाची उपमा देईल. आम्ही देणार नाही. आजारी माणसाच्या माथी दोष मारण्याचे काम आधीच पुष्कळ लोक करतात. इथे दोष होता तो आमच्या जिभेचा.

आम्ही क्षमा मागितली, तेव्हा काकू म्हणाल्या, "झालं ते झालं. आता रोज रात्री फोन करून विचारा, गोळी घेतली का." त्यांची गोळी पुन्हा सुरू आहे आणि रिपोर्ट सुधारतो आहे. जपमाळ झाली की आमच्यापैकी एकजण पाळीने त्यांना फोन लावतो. आता तोही आमच्या प्रार्थनेचाच भाग आहे.

प्रभू, आमच्या विश्वासाला शहाणपण दे. आमेन.