टूसॉनचा कोरडा पावसाळा

वऱ्हाडांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला उन्हाचें भय परमुलुखांतील लोकांनीं घालूं नये, अशी आमची समजूत होती. पत्र्याच्या छपराखालीं ऐन वैशाखांत उत्तरपत्रिका तपासण्यांत आमचे तिसांहून अधिक उन्हाळे गेलेले. त्यामुळें २०२० सालच्या फेब्रुवारींत आम्ही उभयतां चिरंजीवांकडे, अमेरिकेंतील अरिझोना राज्यांत टूसॉन या शहरीं गेलों, तेव्हां तेथील ओळखीची मंडळी “मे लागण्यापूर्वीं परत जा, पुढचें तुम्हांस सोसवणार नाहीं,” असें म्हणत, तें आम्हीं हंसण्यावारी नेलें. परंतु परत जाणें आमच्या हातीं राहिलें नाहीं. मार्च महिन्यांत साथीमुळें भारतांत येणारीं विमानें बंद झालीं, आणि जो उन्हाळा टाळावयाचा होता तो आरंभापासून शेवटपर्यंत आम्हांस पाहावा लागला.

वाळवंट म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें मारवाडची वाळू आणि उंट उभे राहतात. टूसॉनचें वाळवंट तसें नव्हे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारें २,४०० फूट उंचीवर एका रुंद खोऱ्यांत वसलेलें असून चोहों बाजूंस डोंगर आहेत. उत्तरेकडील रांगेचें नांव सांता कॅटलिना. तिचें सर्वांत उंच शिखर माउंट लेमन, तें नऊ हजार फुटांच्याहि वर जातें. (या नांवाचा लिंबाशीं कांहीं संबंध नाहीं. १८८१ सालीं हें शिखर चढून गेलेल्या सारा लेमन या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंवरून तें पडलें आहे. डोंगराला देवीचें नव्हे तर विदुषीचें नांव मिळालें, याचें आमच्या सूनबाईंस फार कौतुक.) पायथ्याशीं निवडुंग आणि काटेरी झुडपें, तासाभराच्या मोटारीच्या वाटेनें वर जावें तों चिडाचें घनदाट रान आणि अंगावर शाल घ्यावी असा गारवा. एका दिवसांत दोन देश पाहिल्यासारखें होतें.

पायथ्याच्या निवडुंगांचा राजा म्हणजे सवारो. तो चाळीस फुटांपर्यंत वाढतो, दीडशें वर्षें सहज जगतो, आणि बहुधा पन्नास-पाऊणशें वर्षांचा झाल्याखेरीज त्यास पहिली फांदी फुटत नाहीं. फांद्या खांद्यापासून वर वळलेल्या. डोंगरउतारावर असे हजारों सवारो पाहिले म्हणजे कोणा कडक मास्तरांनीं सबंध वर्गास हात वर करून उभें केलें आहे असा भास होतो. आमच्याच वयाचा एक सवारो चिरंजीवांच्या घरामागें आहे. त्याला अजून एकहि हात नाहीं. त्याच्या हिशेबीं आम्ही दोघेहि पोरेंच!

मे महिना सरला आणि आमची घमेंड उतरली. त्या सालीं टूसॉन येथें ३८ अंश किंवा त्याहून अधिक उष्णता एकशें आठ दिवस होती. वऱ्हाडांतील ऊन याहून कमी नाहीं, पण वऱ्हाडांत ज्येष्ठांत मृग निघतो आणि माणूस त्या आशेवर वैशाख काढतो. टूसॉनची हवा इतकी कोरडी कीं धोतर दोरीवर टाकून मागें वळावें तों वाळलेलें. घाम येतो, पण दिसत नाहीं. तो दिसत नसल्यामुळें माणूस पाणी पिण्याचें विसरतो, आणि हीच मोठी धास्ती. चिरंजीवांचें घर जुनें असल्यामुळें तेथें छपरावर बसविलेला कूलर होता: ओल्या ताट्यांतून बाहेरची हवा आंत ओढून घ्यावयाची. आपल्याकडील वाळ्याच्या ताट्यांची ही थोरली बहीण पाहून आम्हांस माहेरचें माणूस भेटल्यासारखें झालें.

तेथील लोकहि पावसाळ्यास ‘मॉन्सून’च म्हणतात. मूळ अरबी शब्द ‘मौसिम’. तो आपल्या समुद्रावरून युरोपांत गेला आणि तेथून त्या रुक्ष खोऱ्यांत पोंचला. उन्हाळ्यांत त्या बाजूची जमीन तापून हवेचा दाब पालटतो, पश्चिमेचे कोरडे वारे मागें हटतात, आणि दक्षिणेकडून, म्हणजे मेक्सिकोच्या व कॅलिफोर्नियाच्या आखातांकडून, बाष्प वर सरकूं लागतें. पूर्वीं टूसॉनच्या वेधशाळेचा नियम असा कीं, हवेंतील दवबिंदु सरासरीनें लागोपाठ तीन दिवस ठराविक पातळीवर राहिला म्हणजे पावसाळा लागला असें समजावें. २००८ पासून १५ जून ते ३० सप्टेंबर अशा तारखाच बांधून दिल्या आहेत. सरकारी तारखांना पाऊस किती मानतो हें आम्हां वऱ्हाडकरांस निराळें सांगावयास नको. जुन्या मेक्सिकन कुटुंबांत २४ जून हा संत योहानाचा दिवस पावसाचा आरंभ म्हणून पाळतात. त्याहूनहि जुनी चाल तेथील मूळ रहिवासी तोहोनो ओओडम लोकांची. जूनच्या अखेरीस सवारोचीं तांबडीं फळें पिकतात. तीं लांब काठ्यांनीं पाडून त्यांचा रस आंबवितात आणि मेघांना बोलावण्याच्या विधींत तें पेय सर्वांनीं मिळून घ्यावयाचें असतें. त्यांचें नवें वर्ष येथून सुरू होतें. आपल्याकडे पाऊस लांबला म्हणजे खेडोपाडीं महादेवाचा गाभारा पाण्यानें भरून पिंडी बुडवितात. तें आम्हांस या ठिकाणीं आठवल्यावांचून राहिलें नाहीं.

पण मेघ येतात तेव्हां आधीं पाणी आणीत नाहींत. आधीं आणतात ती वीज. आरंभींच्या मेघांखालची हवा इतकी शुष्क असते कीं पाऊस ढगांतून निघतो खरा, पण भुईपर्यंत पोंचत नाहीं. करड्या रंगाच्या झालरी आकाशांत लोंबतांना दिसतात आणि मध्येंच विरून जातात. वीज मात्र विरत नाहीं. ती वाळलेल्या गवतावर, चिडाच्या सुयांवर पडते. खांडववनाच्या कथेंत अग्नि जाळीत होता आणि इंद्र विझवूं पाहत होता. दोघे दोन पक्षांत होते. येथें इंद्रच आधीं वज्रानें पेटवितो आणि मागाहून पाणी पाठवितो, आणि कधीं कधीं तें पाठविण्यास विसरतो.

२०२० सालच्या ५ जून रोजीं असेंच झालें. कॅटलिनाच्या पश्चिम टोंकास वीज पडली आणि वणवा लागला. पहिल्या रात्रीं नातवानें आम्हांस गच्चीवर नेलें. डोंगराच्या कडेवर दिवाळीच्या पणत्यांसारखी एक वांकडी ओळ दिसत होती. “आजोबा, किती छान दिसतं!” असें तो म्हणाला, आणि दिसत होतें तसेंच. मेळघाटांतील वणवे आम्हीं तरुणपणीं पाहिलेले आहेत. सागाचीं पानें जळतात, एकदोन रात्रींत ओळ पुढें सरकून जाते, आणि पहिल्या पावसाला झाड पुन्हा पालवतें. त्याच हिशेबानें आम्हीं नातवास दोन दिवसांचा वायदा दिला. तो वणवा पुरता आटोक्यांत येण्यास २३ जुलै उजाडला, आणि तोंपर्यंत सुमारें १ लाख २० हजार एकर डोंगर त्यानें खाल्ला होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत पायथ्याच्या वस्त्यांस इशारे आले. तेथें इशाऱ्यांच्या तीन पायऱ्या आहेत: तयार असा, सज्ज व्हा, निघा. आमची आळी दुसऱ्या पायरीवर होती. चिरंजीव म्हणाले, “अण्णा, तुमची नि आईची एकेक पिशवी दाराशीं ठेवा. निघा म्हटलं कीं विचार करायला वेळ नसतो.” सौभाग्यवतींची पिशवी पांच मिनिटांत भरली: पारपत्रें, दम्याचीं औषधें, आणि मऊ रुमालांत गुंडाळलेला देव्हाऱ्यांतील बाळकृष्ण. आम्ही मात्र तासभर चार पुस्तकांपाशीं घुटमळत होतों, तें पाहून त्या म्हणाल्या, “अहो, पुस्तकं दुसरी छापतात.” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

खरा पेंच आगीचा नव्हता, धुराचा होता. सकाळीं सूर्य तांब्याच्या तबकासारखा उगवे, आणि अंगणांतील तुळशीच्या कुंडींत राखेचे कण पडलेले असत. सौभाग्यवतींस वीस वर्षांचा दमा. आमच्या थोरल्या बहिणीचा, त्या कूलरचा, धर्म बाहेरची हवा आंत घेण्याचा. बाहेर धूर, म्हणजे तीच हवा घरांत. कूलर चालवावा तर श्वास कोंडतो, बंद करावा तर घराची भट्टी होते. दोहोंपैकीं कोणता ताप पत्करावा, याचा निर्णय दर दोन तासांनीं नव्यानें करावा लागे. एके रात्रीं त्यांस दोन वाक्यें सलग बोलतां येईनात. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, आम्ही पंख्यानें वारा घालीत होतों, आणि परक्या देशांत, साथीच्या दिवसांत, रुग्णालयांत न्यावें कीं न न्यावें हा विचार दोघांच्याहि मनांत असून एकहि जण बोलत नव्हता. पहांटे वारा फिरला आणि धूर पलीकडे गेला. दुसऱ्या दिवशीं चिरंजीवांनीं एका खोलीपुरतें शीतयंत्र आणून बसविलें, आणि चौकोनी पंख्याच्या मागें धूळ गाळणारी जाड जाळी चिकटवून हवा गाळण्याची युक्ति केली. महिनाभर आम्ही पांच माणसें त्या एका खोलींत राहिलों. जेवण, नातवाची शाळा, आमची संध्या, सर्व तेथेंच. एकत्र कुटुंबाचा हा प्रयोग सूनबाईंनीं हंसतमुखानें पार पाडला, हें येथें नमूद केलें पाहिजे.

त्या कोंडवाड्यांत आम्हीं या वणव्यांविषयीं पुष्कळ वाचलें. टूसॉनच्या विश्वविद्यालयांत झाडांच्या खोडांतील वर्तुळांचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा आहे. डग्लस नांवाच्या ज्योतिर्विदानें ती १९३७ सालीं स्थापन केली. त्यास पाहावयाचे होते सूर्यावरील डाग. त्यांची नोंद झाडांत सांपडेल म्हणून तो खोडें मोजूं लागला. कित्येक दशकें ही विद्या चेंडूच्या क्रीडांगणाच्या पायऱ्यांखालीं नांदत होती, हें वाचून आम्हांस आमच्या शाळेच्या ग्रंथसंग्रहाची आठवण झाली. तर या वर्तुळांत आगीचे व्रण राहतात, आणि तेथील डोंगरांवरचे व्रण मोजले असतां असें दिसतें कीं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चिडाच्या रानांत दर कांहीं वर्षांनीं लहानशी आग लागे. ती गवत व काटक्या जाळी आणि मोठ्या झाडांस धक्का न लावतां निघून जाई. १८८० मध्यें आगगाडी आली, मागोमाग गुराढोरांचे कळप आले, गवत चरून संपलें आणि आगीची वाट तुटली. पुढें सरकारनें प्रत्येक आग विझविण्याचा चंग बांधला. १९३५ सालचा नियम तर असा होता कीं, आज दिसलेली आग उद्यां सकाळीं दहाच्या आंत आटोक्यांत आलीच पाहिजे. शंभर वर्षें जें लहान लहान हप्त्यांनीं जळावयाचें तें साठून राहिलें. २००३ सालच्या वणव्यांत शिखराजवळील समरहेवन गांवचीं तीनशेंहून अधिक घरें गेलीं. २०२० मध्यें तें गांव मोठ्या कष्टानें वांचलें. आपल्या मेळघाटांत रानखातें हिवाळा संपतांना जाळरेषा काढतें, म्हणजे मुद्दाम पट्टे जाळून ठेवतें, त्यामागील शहाणपण आम्हांस या वयांत कळलें.

खालच्या निवडुंगांची गोष्ट याहून वाईट आहे. तेथें पूर्वीं आग पसरतच नसे, कारण दोन झुडपांमध्यें उघडी भुई असे. गेल्या शतकांत गुरांच्या वैरणीसाठीं आणि मातीची धूप थांबावी म्हणून आफ्रिकेंतील बफेल नांवाचें गवत त्या प्रदेशांत आणलें. तें मोकाट सुटलें आणि झुडपाझुडपांमधील रिकामी जागा त्यानें भरून काढली. आगीस पूल मिळाला. चिडाचें रान जळून पुन्हा उगवतें; सवारोस ती विद्या नाहीं. तो लगेच मरतहि नाहीं. बुंध्याशीं होरपळलेला सवारो दोनचार वर्षें हात वर करून उभा राहतो आणि मग कोसळतो.

या सर्व काळांत पाऊस हवा होता आणि तो येत नव्हता. आग आटोक्यांत आली, ऑगस्ट लागला, तरी नुसते ढग येत, गडगडत आणि जात. अखेर ऑगस्टच्या एका दुपारीं कॅटलिनावर पांढरा मनोरा उभा राहिला. दोनच्या सुमारास त्याचा माथा ऐरणीसारखा पसरला, आणि प्रथम धुळीची भिंत आली. मग एक वास आला. तेथें क्रिओसोट नांवाचें एक चिकट पानांचें झुडूप सर्वत्र आहे. त्यावर पाणी पडलें कीं ओल्या डांबराचा आणि कडू औषधीचा मिश्र असा कांहीं गंध सुटतो. आपल्या मृगाच्या मातीच्या वासाशीं त्याचें साम्य नाहीं. पण तेथील माणसें त्या वासानें दारांत येऊन उभीं राहतात, तशींच आम्हीहि राहिलों. टपोरे थेंब, मग गारा, मग समोरचें घर दिसेना. अर्ध्या तासांत हवा इतकी निवली कीं सौभाग्यवतींनीं पदर खांद्यावरून घेतला. त्या दीर्घ श्वास घेत होत्या. आम्हीं दोन महिन्यांत प्रथमच त्यांचे श्वास मोजले नाहींत.

तोंच सर्वांच्या दूरध्वनींतून एकदम कर्कश घंटा वाजली: नाल्यांपासून दूर राहा. जळलेल्या उतारावरची माती मेण फासल्यासारखी होते. पाणी मुरत नाहीं, घसरतें. घरामागचा नाला वर्षांतले साडेतीनशें दिवस कोरडा. त्यांत प्रथम काटक्या सरकूं लागल्या आणि मग पाणी आलें तें शाईसारखें काळें. जळलेला डोंगर राख होऊन आमच्या दारावरून चालला होता. नातू कांहीं बोलला नाहीं. पाऊण तासांत नाला पुन्हा ओसरला.

तो एक पाऊस आमच्या आळीच्या वांट्यास आला. शहराच्या विमानतळावरील मापकांत त्या सबंध पावसाळ्यांत १.६२ इंच पाणी भरलें. एरवीं तेथें साडेपांच-सहा इंच भरतें. ऑक्टोबरमध्यें खास विमानानें आम्ही परतलों. पुढच्या, म्हणजे २०२१ च्या पावसाळ्यांत त्याच मापकांत १२.७९ इंच पडला. डोंगर हिरवागार झाला, असें चिरंजीवांनीं कळविलें, आणि त्याखालीं लिहिलें कीं बफेल गवतहि गुडघाभर वाढलें आहे. तेव्हांपासून सुटीच्या सकाळीं आळीतील मंडळी पहारी घेऊन तें मुळासकट उपटावयास जातात, आणि तेहि जातात. घरामागचा सवारो शाबूत आहे.

आतां दर वर्षीं जून लागला कीं सौभाग्यवती दूरध्वनीवर चिरंजीवांस पाऊस आला का असें विचारीत नाहींत. त्या विचारतात, “नुसत्या विजा आहेत, कीं पाणीहि आहे?”