बघणं आणि सांगणं

बालाघाटाच्या अंगाखांद्यावरच्या आमच्या गावांत पाणी कमी असतं, पैसाही कमी असतो. कागद मात्र घरोघरी जपलेला सापडतो. पत्र्याची पेटी, पेटीत लाल फडक्यात बांधलेलं बासन, बासनात घडीवर घडी. निजामाच्या अमदानीतली उर्दू शिक्क्याची पावती, सेतवारचा उतारा, १९५४-५५ च्या खासरा पाहणीची नक्कल, सोसायटीच्या कर्जाचं पुस्तक, ऊसतोडीला जाताना घेतलेल्या उचलीचा हिशेब. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली, कागदावरची लिपी बदलली. पेटी तीच राहिली. दुष्काळात डोरलं मोडलं, जनावरं बाजारात गेली, पण बासन कुणी विकायला काढलं नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाडाभर निजामकालीन दप्तरांवरची धूळ झटकली जाऊ लागली. त्या दिवसांत घरच्या पेट्याही उघडल्या. लोकांनी मोबाईलवर कागदांचे फोटो काढले, भावकीत व्हॉट्सॲपवर धाडले, पेन ड्राईव्हवर भरून घेतले. मी अंबाजोगाईत राहते, इतिहास शिकवते, मोडी वाचते, उर्दू अक्षरं लावून लावून वाचते. म्हणून बरेच जण माझ्याकडे येऊ लागले. “मॅडम, एवढं कॉम्प्युटरात नीट ठेवा,” असं म्हणून पेन ड्राईव्ह हातावर ठेवत. त्या ‘नीट’ची जबाबदारी किती मोठी आहे, ते फोल्डर उघडल्यावर कळतं.

पेटीतल्या कागदाला जागा असते. तळाशी पणजोबाचा, त्यावर आजोबाचा, वर बापाचा. घरच्या म्हातारीला अंधारातही हात घालून हवा तो कागद काढता येतो. तोच कागद फोटो होऊन डिस्कवर आला की त्याची ही जागा जाते. आयएमजी आणि पुढे आकड्यांची माळ, एवढंच त्याचं नाव उरतं. नाहीतर ‘व्हॉट्सॲप इमेज’, तारीख, वेळ आणि कंसात दोन. कुणाचं शेत, कोणतं गाव, कोणतं साल, काहीच त्या नावात नाही. कागद वाचतो, त्याची ओळख मात्र पुसली जाते. ती ओळख त्याला परत देण्याचं काम मला मनापासून आवडतं, आणि ते करताना संगणकाची दोन रूपं मला फार जवळची झाली. एक बघायचं, एक सांगायचं.

बघायचं रूप म्हणजे फाईल मॅनेजर. माझा लॅपटॉप जुना आहे, म्हणून त्यावर लिनक्स आणि त्यातलं हलकं एक्सएफसीई डेस्कटॉप वापरते. त्यातला फाईल मॅनेजर थुनार. बेनेडिक्ट मॉयरर या प्रोग्रामरने तो लिहिला आणि २००७ साली एक्सएफसीईच्या ४.४ आवृत्तीबरोबर तो लोकांच्या हाती आला. नाव गडगडाटाच्या जर्मन देवाचं, स्वभाव अगदी शांत. डाव्या पट्टीत मी आमच्या बीड जिल्ह्याचे अकरा तालुके लावून घेतले आहेत: अंबाजोगाई, आष्टी, केज, गेवराई, धारूर, परळी, पाटोदा, बीड, माजलगाव, वडवणी, शिरूर कासार. कागद घेऊन आलेला माणूस आपल्या तालुक्याचं नाव तिथं वाचतो आणि जरा सैलावून बसतो. तालुक्यात गावं, गावात घरं. ज्या फोल्डरातले कागद वाचून झाले, त्यावर गुणधर्मांच्या चौकटीतून एक छोटं चिन्ह लावते. नुसती नजर फिरवली की काम कुठवर आलंय ते समजतं.

चित्रं मोठी करून पूर्ण फोल्डर पडद्यावर पसरला की मला हटकून पासोडी आठवते. याच अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी पंचीकरणाचा अवघा विषय सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर लिहून काढला. पोथीत पान उलटलं की मागचं झाकलं जातं. पासोडीवर सगळं एकदम डोळ्यांपुढे राहतं, कशाचा कशाशी संबंध आहे ते जागेवरून कळतं. मांडणी हाच विचार असतो, हे आमच्या गावाला चारशे वर्षांपूर्वीच ठाऊक झालेलं आहे. पिवळट कागदांच्या त्या रांगांमध्ये एकाच कारकुनाची वळणदार अक्षरं तीन वेगळ्या घरांच्या कागदांवर दिसतात, एकच फाटका कोपरा दोन फोटोंत दिसतो, आणि लक्षात येतं की हे दोन तुकडे मूळ एकाच कागदाचे आहेत. असं शोधायचं कुणी सांगितलेलं नसतं. डोळा आपणहून शोधतो.

सांगायचं रूप म्हणजे शेल. काळी खिडकी, लुकलुकणारी खूण, बाकी काही नाही. हे रूप जुनं आहे. शेल हे नाव लुई पूझाँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने १९६० च्या दशकात दिलं. १९७१ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी पहिलं शेल लिहिलं, १९७९ मध्ये स्टीफन बोर्न यांचं आलं, आणि १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी बॅश लिहिलं. तेच बॅश आज माझ्या टेबलावर चालतं. काळी खिडकी बघून पुष्कळ जण बिचकतात. माझ्या विद्यार्थिनींना मी एवढंच सांगते, की ही खिडकी आपण बोलायची वाट बघते आहे. ‘एलएस’ म्हटलं की समोरच्या फायली मांडते, ‘सीडी’ म्हटलं की दुसऱ्या फोल्डरात नेते, ‘एमव्ही’ म्हटलं की फाईल हलवते किंवा तिचं नाव बदलते. नावात मोकळी जागा असेल तर ते नाव अवतरणचिन्हात द्यायचं, नाहीतर शेल त्याचे दोन शब्द समजतं.

शेलची खरी ताकद मला मराठी वाक्यासारखी वाटते. ज्या ज्या फाईलच्या नावात अमुक तारीख आहे, ती ती तमुक फोल्डरात ने. आपल्या भाषेत जसं ‘जो जो’ आला की ‘तो तो’ येतोच, तसं शेलच्या ‘फॉर’ वाक्यातही दोन अंगं असतात: आधी कोण, मग त्याचं काय करायचं. हे वाक्य एकदा नीट रचलं की हजार फोटो आपापल्या जागी जाऊन बसतात. रचताना सावध राहावं लागतं. थुनारमधून पुसलेली फाईल कचऱ्याच्या डब्यात पडून राहते, तिथून परत आणता येते. शेलमध्ये ‘आरएम’ म्हटलं की डबाबिबा काही नाही, फाईल गेलीच. म्हणून हलवण्याच्या आज्ञेला मी ‘आय’ हा पर्याय जोडते. त्याच नावाची फाईल तिथं आधीपासून असेल तर आज्ञा थांबून विचारते. बोललेला शब्द जसाच्या तसा पाळणाऱ्याशी तोलूनच बोलावं.

डोळ्याला एक गोष्ट दिसत नाही आणि शेलला दिसते, याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या ‘ऱ’ने मला दाखवलं. गेवराई तालुक्यातून आलेल्या कागदांत आणि माझ्याकडच्या कागदांत ‘शेतकऱ्यांचे अर्ज’ या नावाचा फोल्डर होता. दोन्ही एका जागी आणले, तर थुनारमध्ये सारख्याच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी उभे. एका जागी एकाच नावाचे दोन फोल्डर राहू शकत नाहीत, म्हणजे नावांत कुठंतरी फरक असणारच. डोळे ताणून पाहिलं, अक्षर न् अक्षर सारखं. मग दोन्ही नावं शेलमध्ये ‘ओडी’ या आज्ञेला दिली. ती नावाच्या आतले बाइट उलगडून दाखवते. एका नावात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त होता. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. हीच अर्ध्या ‘र’ची चंद्रकोर काढायची तिसरीही तऱ्हा आहे: ‘र’खाली नुक्ता आणि मग हलन्त. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखी. यंत्राच्या लेखी मात्र तीन वेगळी नावं. एक टाकून शोधलं तर बाकीची दोन सापडत नाहीत.

शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात ‘शेतकऱ्यांचे’ हाच शब्द तीन वाटांनी लिहिला जावा आणि शोधताना हरवावा, हे मला सोसवेना. ‘कॉन्व्हएमव्ही’ नावाची आज्ञा नुक्त्याची तऱ्हा पहिल्या तऱ्हेत बदलून देते. न दिसणाऱ्या जोडचिन्हासाठी वेगळा नियम लिहावा लागतो, तो ‘सेड’ने लिहिता येतो. आता नवा पेन ड्राईव्ह आला की पहिलं काम हेच: सगळ्या नावांतला ‘ऱ’ एका वळणाचा करून घ्यायचा. आणखी एक गोष्ट अशीच शेलपाशी बसून समजली. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी-४ फाईल-व्यवस्थेत फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी धरून ८५ चिन्हं. नाव मराठीत ठेवायचं तर थोडक्यात ठेवायला शिकावं: गाव, सर्व्हे नंबर, साल, कागदाचा प्रकार. एवढ्यात एक घर मावतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. माझ्या काळ्या खिडकीत देवनागरी अजून नीट बसत नाही. जोडाक्षरं सुटतात, वेलांट्या सरकतात. तिथं आज्ञा द्यावी आणि नाव वाचायला थुनारकडे यावं. म्हणून मी दोघांना एकमेकांशी जोडून घेतलं. थुनारमध्ये कोणत्याही फोल्डरावर उजवं बटण दाबलं की ‘टर्मिनल इथे उघडा’ येतं. बघता बघता बोलायला लागता येतं. तिथंच आपल्या स्वतःच्या कृतीही जोडता येतात. मी एक जोडली आहे, ‘उजळ प्रत’ नावाची. फिकट शाईच्या फोटोवर उजवं बटण दाबून ती निवडली की मागे शेलची आज्ञा चालते आणि गडद अक्षरांची वेगळी प्रत तयार होते. मूळ फोटोला धक्का लागत नाही. कृतीच्या अटींच्या पानावर फक्त चित्रांवर खूण ठेवली, त्यामुळे बाकी फायलींवर ती दिसतही नाही.

शेलची सजावट एका लपलेल्या फाईलमध्ये असते. नावाच्या सुरुवातीला बिंदू असला की लिनक्स ती फाईल झाकून ठेवतं. थुनारमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की सगळ्या बिंदूवाल्या फायली समोर येतात. बॅशआरसी ही त्यातलीच. तिच्यात मी आज्ञांना मराठी नावं दिली आहेत: ‘यादी’, ‘शोध’, ‘प्रत’. बॅश ती बिनतक्रार मानतं. ‘शोध’ लिहून पुढे आडनाव लिहिलं की आतून ‘ग्रेप’ चालतं आणि सूचीतल्या ओळी समोर येतात. ही सूची साधी मजकुराची फाईल आहे. एका कागदाला एक ओळ, त्या ओळीत गाव, सर्व्हे नंबर, साल, नावं आणि फोटो कुठं ठेवलाय तो पत्ता. मोडी कागद यंत्राला वाचता येत नाही, तो मी वाचते. मी लिहिलेली ओळ यंत्र क्षणात शोधतं. पायरीपायरीनं उभं राहिलेलं हे काम बघितलं की समाधान वाटतं.

केज तालुक्यातले एक आजोबा नातवाच्या गाडीवर बसून आले होते. “बप्पा, बसा,” म्हणून मी खुर्ची दिली. “आमच्या आज्ज्याचं नाव घावतंय का बघा की,” एवढंच म्हणाले. शोधलं. दोन ओळी आल्या. ओळीतल्या पत्त्यावरून थुनारमध्ये तो फोल्डर उघडला, फोटो मोठा केला. नाव मी वाचून दाखवलं, पण ते ऐकत नव्हते. कागदाच्या तळाशी असलेल्या निळसर अंगठ्याकडे बघत होते. “ह्यो त्यांचा?” “हो.” खूप वेळ बघत राहिले. नातवाने मोबाईलवर फोटो घेतला.

त्या हजारो कागदांतून ते नाव नुसत्या डोळ्यांनी मला सापडलं नसतं, आणि अंगठा तर कोणत्याच आज्ञेने सापडला नसता. शेल शब्द शोधतं. ठसा, डाग, फाटका कोपरा, कारकुनाच्या हाताचं वळण हे बघूनच ओळखावं लागतं. माउस चांगला की कीबोर्ड, हा वाद मला कधी पटला नाही. आपल्या माणसांची नोंद सांभाळायची असेल तर दोन्ही लागतात, आणि दोन्ही आपल्या कामाच्या बेताने लावून घ्यावी लागतात. यंत्र जसं हातात आलं तसंच वापरत राहिलो तर कागद त्याच्या सोयीने पडून राहतात. आपण मांडले तर आपल्या सोयीने बोलतात.

हे सगळं शिकायला मोठं कॉलेज लागत नाही. लिनक्स, थुनार आणि बॅश तिन्हींना पैसे पडत नाहीत, जुन्या लॅपटॉपवरही चालतात. तुमच्या घरात पेटी असेल तर या सुट्टीत ती उघडा. कागद उन्हात टाकू नका. सावलीत, सपाट जागी ठेवून फोटो काढा. प्रत्येक फोटोला गाव, साल आणि माणूस सांगणारं नाव द्या, मराठीत द्या. सूचीची एक फाईल करा, रोज चार ओळी लिहा. एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातलगाकडे ठेवा. आणि घरातल्या एका तरी लेकराला, मुलीला आधी, ती काळी खिडकी उघडून तिच्याशी बोलायला शिकवा.