प्रक्षिप्त हिरवा रंग

जुन्या अमेरिकन क्रूझर सायकली जमवणाऱ्या मंडळींत एक वचन वेदवाक्यासारखे फिरत असते : वस्तू अस्सल एकदाच असते. कारखान्यातून बाहेर पडतानाचा रंग एकदा खरवडला, की पुढे कितीही निगुतीने तोच रंग पुन्हा चढवला तरी तो अस्सल नव्हे, असा त्याचा भावार्थ. हे वचन मानणारे लोक सायकल पुसतात, तिला तेल देतात आणि गंज जिथे आहे तिथे राहू देतात. दुसरा पंथ जीर्णोद्धारवाद्यांचा. त्यांना सायकल दुकानाच्या काचेमागे पहिल्या दिवशी दिसली असेल तशी हवी असते. तिसरा पंथ आपल्या मर्जीने फेरफार करणाऱ्यांचा. पहिल्या दोघांचे एकमेकांशी कितीही वाकडे असले तरी या तिसऱ्याला तुच्छ लेखण्यात त्यांचे एकमत असते. ज्यांनी कधीकाळी पाठचिकित्सेचा अभ्यास केला आहे त्यांना हे भांडण ऐकताना ओळखीच्या आळीत आल्यासारखे वाटेल. आम्हांला तरी वाटले, आणि बहुधा म्हणूनच शिकागोपासून फार दूर नसलेल्या आमच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा उरली नाही.

आपल्याकडे सायकल म्हटले की डोळ्यांपुढे येते ती इंग्रजी वळणाची : उंच, काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, कॅरिअरवर दुधाचे कॅन किंवा जेवणाचा डबा वाहणारी. ती मोठ्या माणसांची, कामावर जाणारी सायकल. अमेरिकेत मात्र मोटारी स्वस्त झाल्या तशी मोठी माणसे मोटारीत जाऊन बसली आणि सायकल मुलांकडे उरली. मुले ती खड्ड्यांतून आणि फुटपाथच्या कडांवरून नेत. रिमला चिकटवलेले त्या काळचे अरुंद टायर हे हाल सोसत नसत. १८९५मध्ये शिकागोत स्थापन झालेल्या आर्नोल्ड, श्विन अँड कंपनीने १९३३ साली यावर उपाय काढला. संस्थापक इग्नाझ श्विन यांचे चिरंजीव फ्रँक श्विन यांनी युरोपात जाड, कमी दाबाचे टायर पाहिले होते. त्यांवरून २६ इंची, २.१२५ इंच रुंदीचा ‘बलून’ टायर त्यांनी बाजारात आणला. दिवस महामंदीचे होते, तरी मुलांनी आईबापांकडे हट्ट धरला असावा. कारण दोन-तीन वर्षांत बाकीच्या कारखान्यांनाही त्याच वाटेने जावे लागले. क्रूझरचे कूळ हे असे.

या सायकलींचे सर्वांत लोभस अंग म्हणजे टाकी. फ्रेमच्या वरच्या दांड्यांमध्ये मोटारसायकलच्या पेट्रोलटाकीच्या घाटाची पत्र्याची पेटी बसवलेली असते. तिच्यात पेट्रोल नसते. भोंगा आणि त्याचे सेल असतात. १९५५च्या हफी रेडिओबाइकच्या टाकीत तर चक्क रेडिओ होता. शेल्बी कंपनीने १९४९मध्ये काढलेल्या डोनाल्ड डक सायकलीच्या पुढ्यात बदकाचे डोके असे. आणि १९४९ ते १९५९ या काळात निघालेली श्विनची ब्लॅक फँटम ही या घराण्याची पट्टराणी : क्रोमचे मडगार्ड, पुढे स्प्रिंगचा चिमटा, वजन पन्नास पौंडांच्या वर, गिअर एकही नाही, ब्रेक पेडल उलटे दाबून लागणारा. वाहन म्हणून पाहिले तर ही सायकल थोडी हास्यास्पदच आहे. चढावर तिच्यावरून उतरावे लागते. पण तिच्यावर बसलेला बारा वर्षांचा मुलगा जणू मोटारसायकल चालवत असतो. उत्प्रेक्षा शिकवताना हात न लावता दाखवता येईल असे उदाहरण क्वचितच सापडते. हे त्यांपैकी एक.

अस्सलपणाचा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही. श्विन कंपनी एकाच सांगाड्यावर निरनिराळ्या व्यापाऱ्यांसाठी निरनिराळ्या नावांचे पितळी बिल्ले लावून सायकली देत असे. म्हणजे ग्रंथ एक आणि मुद्रिका अनेक. पुष्पिकेचे काम फ्रेमवर ठोकलेला क्रमांक करतो. १९५२पर्यंत तो पेडलच्या आसाखाली असे, मग मागच्या चाकाच्या आसापाशी गेला, आणि १९७०पासून हँडलखालच्या नळीवर आला. पण १९४८पूर्वीच्या क्रमांकांच्या नोंदी आगीत गेल्या, आणि ज्या राहिल्या त्या फ्रेमवर आकडा कधी ठोकला एवढेच सांगतात, सायकल कधी जुळवून तयार झाली हे नव्हे. मग इतर पुरावा शोधावा लागतो. साखळीची कडी एक इंच अंतराची, एकाआड एक दात सोडणारी असेल तर सायकल बहुधा पन्नाशीच्या दशकाच्या आरंभापूर्वीची. हब न्यू डिपार्चरचा की बेंडिक्सचा, हेही पाहतात. पण हब बदलता येतो, साखळी बदलता येते. ओहायो आणि मिशिगनमधल्या सुट्या भागांच्या बाजारांत फिरताना लक्षात येते, की पाच सायकलींचे अवयव जुळवून एक ‘अस्सल’ सायकल उभी करणे हा तिथे दैनंदिन व्यवहार आहे. पाच हस्तलिखितांवरून एक पाठ सिद्ध करणाऱ्याने त्याला हसू नये.

आमच्याकडे पन्नाशीच्या दशकाच्या आरंभीची एक श्विन हॉर्नेट आहे. आली तेव्हा ती नखशिखांत हिरवी होती. घराच्या दारे-खिडक्यांना देतात तो तैलरंग, तोही ब्रशने, ओघळ वाळलेले. टाकीच्या आतल्या बाजूला ब्रश पोचला नव्हता, तिथे कारखान्याचा लाल आणि साईसारखा पिवळट पांढरा रंग जसाच्या तसा होता. असा वरून दिलेला रंग सौम्य द्रावकात भिजवलेल्या फडक्याने, धीर धरला तर, खालच्या रंगाला फारसा धक्का न लावता निघतो, कारण कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग अधिक कठीण असतो. काम संथ आहे. संध्याकाळभरात तळहाताएवढी जागा होते. पहिल्या आठवड्यात मागचे मडगार्ड निघाले आणि आम्हांला ताम्रपट वाचल्याचा आनंद झाला.

मग चेनकव्हरची पाळी आली. कव्हरवर, हिरव्याच्या वर, बारीक ब्रशने पांढऱ्या रंगात एका मुलीचे नाव लिहिले होते. ते येथे देत नाही. अक्षर एखाद्या मोठ्या माणसाचे, काळजीपूर्वक काढलेले, शेवटी जागा अपुरी पडल्याने किंचित आक्रसलेले. हॉर्नेट ही मुलांसाठी विकली गेलेली सायकल; थोरल्या भावाची धाकटीकडे आली असावी, आणि ती तिची वाटावी म्हणून कुणी तरी, बहुधा बापाने, एका रविवारी डबा आणि ब्रश घेऊन बसला असावा. हा सगळा आमचा तर्क. पण त्या नावाच्या बरोबर खाली, दोन थरांखाली, कारखान्याने छापलेले ‘हॉर्नेट’ हे नाव होते, आणि ते पाहायचे तर हे पुसणे भाग होते.

अशा वेळी आम्हांला हटकून विष्णु सीताराम सुकथनकर आठवतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेतली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६मध्ये पुरी झाली. ते तोवर हयात नव्हते, पण पद्धत त्यांनी घालून दिली होती. संहितेतून जे वगळले ते फेकले नाही. लहान पाठभेद पानाच्या तळाशी, मोठे प्रक्षेप परिशिष्टांत. ज्याला हवे त्याने तिथे जाऊन वाचावे. त्याच्याही कितीतरी आधी, शके १५०६मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि पुढे कुणी तिच्यात आपल्या ओव्या घालू नयेत म्हणून बजावले. वगळलेले राखून ठेवणे आणि वगळून दार लावून घेणे, हे दोन्ही मार्ग आपल्या परंपरेत आहेत. पण सायकलला तळटीप नसते. तिच्यावरून काढलेला पाठ फडक्यावर येतो आणि फडके कचऱ्यात जाते. फोटो काढून ठेवता येतो, हे खरे, आम्ही काढले. परंतु फोटोत ब्रशच्या केसाचा जो एक तंतू त्या नावातल्या एका अक्षरात अडकून वाळला आहे, तो बोटाला लागत नाही.

आणि प्रक्षेप करणाऱ्यांना तुच्छ लेखणेही इतिहासाला धरून नाही. सत्तरीच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीतल्या काही तरुणांनी तिशी-चाळिशीतल्या श्विन एक्सेलसिअर सायकली भंगारातून उचलल्या, त्यांची मडगार्डे, टाक्या, दिवे उपटून फेकले आणि त्या डोंगरावरून खाली सोडल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतार. पेडलच्या ब्रेकने हबमधले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर ते नव्याने भरावे लागे, म्हणून शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले. १९७७मध्ये त्यांच्यापैकी जो ब्रीझ यांनी याच जुन्या फ्रेमच्या मापांचा आधार घेऊन नवी फ्रेम बांधली. माउंटन बाइक हा प्रकार जगात आला तो असा. जीर्णोद्धारवादी आज ज्या टाक्यांसाठी तोंडाला येईल ती किंमत मोजतात, त्यांतल्या काही या पोरांनी फेकल्या असतील. आणि ब्रीझ यांची ती पहिली सायकल स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९६३ची स्टिंग-रे हीदेखील दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांनी आपल्या लहान सायकलींना उंच हँडले आणि लांब सीट लावलेली पाहूनच श्विनच्या अल फ्रिट्झ यांनी काढली. म्हणजे प्रक्षेप मूळ संहितेत शिरला, तोही प्रकाशकाच्या संमतीने. पुढे लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतल्या मुलांनी त्याच स्टिंग-रेच्या लोरायडर सायकली केल्या, पिळदार क्रोमने मढवलेल्या, जमिनीला टेकायला आलेल्या. आमच्या डोळ्यांना त्या फार रुचत नाहीत, पण तो आमच्या डोळ्यांचा प्रश्न.

उलट १९९५मध्ये कंपनीच्या शताब्दीनिमित्त ब्लॅक फँटम पुन्हा हुबेहूब काढण्यात आली. तोवर कंपनी १९९२च्या दिवाळखोरीतून जाऊन श्विन कुटुंबाच्या हातून सुटली होती. ती प्रत आम्ही जवळून पाहिली आहे. तिच्यात दोष काढता येत नाही, आणि तिच्यापाशी दोन मिनिटांहून अधिक वेळ थांबवतही नाही.

चेनकव्हर हिरवे ठेवले. जीर्णोद्धार पंथातल्या एका स्नेह्यांनी ते काढून ठेवून दुसरे मिळवण्याचा, म्हणजे परिशिष्ट करण्याचा, तोडगा सुचवला. तोडगा तर्कशुद्ध आहे आणि आम्ही तो नाकारला. मागचे मडगार्ड लाल, बाकी हिरवी, अशी ती आता चमत्कारिक दिसते. क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनिअमच्या पातळ कागदाचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो, तो काढला. क्रँकच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवून छरे बाहेर घेतले, धुतले, नवे ग्रीस भरले. टायर मात्र कुजलेले होते. श्विनच्या पुढच्या काळातल्या अरुंद रिमना २६ इंची म्हणून मिळणारा साधा टायर बसत नाही, त्यांचे माप निराळे; पण हॉर्नेटची रिम रुंद, १९३३च्या बलून टायरच्या मापाची. माउंटन बाइकवाल्यांनी तेच माप पुढे चालवले, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात डोंगरातल्या सायकलींसाठी ठेवलेला टायर आम्ही आणला आणि तो कसलाही बदल न करता चढला.