पदराची उलटी बाजू

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वेशींपैकी एकीस पैठण दरवाजा असे नाव आहे. तेथून दक्षिणेकडे निघालेला रस्ता सुमारे ५० किलोमीटरवर पैठणास पोहोचतो. गोदाकाठच्या त्या गावाने ज्या वस्त्राला आपले नाव दिले, ते वस्त्र या दरवाजाजवळच्या एका घरी एके दिवशी खोक्यात बंद होऊन आले. आणि तेही शेकडो कोस दूरच्या शहरातून!

थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी नातीने ते मोबाइलवरून मागविले होते. चित्राखाली स्वच्छ लिहिले होते, ‘अस्सल पैठणी, हातमागावर विणलेली.’ खोका उघडताच मोरांचा पदर झळकला. आजींनी मात्र तो हातात घेतला, उलटा केला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

हातमागावरच्या पैठणीत पदराच्या नक्षीसाठी प्रत्येक रंगाचा धागा निराळ्या बारीक कांडीवर असतो. एक रंग जेथे संपतो, तेथे विणकर तो धागा शेजारच्या धाग्यात अडकवून मागे फिरवितो. म्हणून मोर उजव्या बाजूने जसा, तसाच उलट्या बाजूनेही दिसतो. अशा भरगच्च पदराच्या साडीसाठी आठवड्यांमागून आठवडे जातात. यंत्राला इतका धीर कोठून असणार? ते धागे पाठीमागून सरळ ओढून नेते. या पदराच्या पाठीवर तशाच सुट्या धाग्यांची दाटी होती.

“ही यंत्रावरची आहे, बाळ.”

“असू दे ना, आजी. दिसते तर सुरेख! शिवाय सवलतीतला माल ते परत घेत नाहीत.”

“यंत्रावरची साडी नेसण्यात कमीपणा नाही. तसे सांगून, तशा किमतीला दिली असती, तर मीही हौसेने घेतली असती. पण नाव हातमागाचे, दाम हातमागाचे आणि साडी ही! मग ज्याने खरोखर माग चालविला, त्याच्या पोटाचे काय?”

आजींना कायद्याची कलमे ठाऊक नव्हती. परंतु कायदाही हेच म्हणतो. वस्तूचे वर्णन हे विक्रेत्याचे वचन होय. ऑनलाइन व्यापारासाठी जुलै २०२० मध्ये जे नियम लागू झाले, त्यांनुसार माल जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर तो परत घेण्यास व पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. पावतीवर काहीही छापलेले असो. घेतलेला रंग मागाहून मनास न येणे ही गोष्ट अर्थात निराळी. पैठणीच्या नावाला तर २०१० पासून भौगोलिक मानांकनाचेही संरक्षण आहे.

ही वाट एका दिवसात पडलेली नाही. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदा देशात नव्हता. तो १९८६ साली झाला. पुढे २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार नेण्याची मुभा दिली. व्यापारी कितीही दूरचा असो, त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते.

नातीने वर्णनाचे चित्र, पावती आणि उलट्या पदराची छायाचित्रे जपून ठेवली. साडी कोणी अंगाला लावून पाहिली नाही. मग तिने तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिले. ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण, असे बंधन त्याच्यावर असते. पोच आली, उत्तर मात्र पुन्हा ‘सवलतीतला माल’ हेच! तिने नियमाचा उल्लेख करून दुसरे पत्र पाठविले आणि आयोगाकडे जाण्याचा विचारही कळविला. तिसऱ्या आठवड्यात खोका परत गेला, पैसे परत आले.

त्या रविवारी आजी आणि नात एस. टी. ने पैठणास गेल्या. विणकराने साडी पुढे ठेवली आणि कोणी न विचारताच पदर उलटा करून दाखविला. किंमत ऐकून नात क्षणभर गप्प झाली. मग तिने अरुंद काठाची, लहान पदराची एक निवडली.